न थांबणारें पान

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीनें कामशेतास उतरून पवनेच्या खोऱ्याकडे वळलें म्हणजे बेडसे गांव लागतें, आणि गांव मागें टाकून सुमारें चारशें पायऱ्या चढल्या म्हणजे माणूस लेण्यापाशीं पोंचतो. कार्ल्यास व भाज्यास गर्दी असते. बेडशास बहुधा नसते. शिल्पकारांनीं येथें दर्शनी बाजूचा कातळ पुरता न काढतां तसाच ठेविला आहे, त्यामुळें बाहेरून पाहणाऱ्यास एक अरुंद बोळ तेवढा दिसतो. त्या बोळांतून आंत शिरावें आणि एकाएकीं ते उंच स्तंभ, त्यांच्या माथ्यावरचे घोडे, बैल, हत्ती, व त्यांवर आरूढ झालेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं समोर उभीं राहावीं, असा तेथला प्रकार आहे.

गेल्या पावसाळ्यांत मी नातीस बरोबर घेऊन तेथें गेलों होतों. समोरचा डोंगर कोणता, हा प्रश्न मीं विचारला, आणि तिनें फोनवर नकाशा उघडला. डोंगरांत तार पोंचत नाहीं तशी बिनतारीहि पुरती पोंचत नाहीं. नकाशाच्या जागीं राखी चौकोन आले, आणि मग एक वरचा, एक खालचा, असे ते हळूहळू भरूं लागले. "आजोबा, येतोय तो सावकाश. तोवर तुम्ही लेणं बघा ना!" असें म्हणून ती त्याच फोनवर मैत्रिणीस कांहीं लिहूं लागली. मीं लेणें पाहिलें खरें, परंतु मन त्या 'तोवर' या शब्दांत अडकून राहिलें. ज्या काळीं मीं हें यंत्र प्रथम पाहिलें त्या काळीं पान येईपर्यंत दुसरें कांहींच करितां येत नसे. 'तोवर' हा शब्द ब्राउझरच्या पानाच्या भाषेंत नव्हता. तो तेथें कसा आला, याचा इतिहास फार जुना नाहीं. तो जेमतेम तीस वर्षांचा आहे. परंतु त्याचीं साधनें इतक्या वेगानें नाहींशीं होत आहेत कीं, तो आतांच सांगून ठेवावा असें वाटतें.

टिम बर्नर्स-ली यानें १९८९ मध्यें जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेंत जी योजना मांडली, तिच्या मुळाशीं कागदाची कल्पना होती. संशोधकांचीं टिपणें, अहवाल, याद्या निरनिराळ्या यंत्रांवर विखुरलेल्या; त्यांस एकमेकांशीं दुव्यांनीं जोडावें, आणि दुव्यावर बोट ठेवितांच दुसरा कागद समोर यावा, इतकाच तिचा हेतु. वाचकानें मागावें, दूरच्या यंत्रानें, ज्यास आपण सर्व्हर म्हणतों त्यानें, अख्खें पान पाठवावें, आणि व्यवहार मिटावा. सर्व्हरास मागच्या भेटीची आठवण राहत नसे. ग्रंथालयांतील शिपाई जसा चिठ्ठी नेतो व पुस्तक आणतो, तसाच हा प्रकार होता, आणि वाचनापुरता तो उत्तमहि होता.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. घरच्या टेलिफोनच्या तारेंतून तें येई. त्या वेळची मोडेमची किंकाळी ज्यांनीं ऐकली आहे त्यांस ती विसरणें शक्य नाहीं. घरांत एकजण इंटरनेटवर बसला म्हणजे फोन अडकलेला. बाहेरून कोणाचा निरोप यावयाचा असेल तर तो येणार नाहीं. आणि मिनिटागणिक पैसे चाललेले. एका अर्जांत पिनकोडाचा एक आंकडा चुकला तर सगळें पान पुन्हां सर्व्हराकडे जाई, आणि परत येई तें बहुधा आधीं भरलेले रकाने कोरे करून येई. एका आंकड्यासाठीं सबंध पानाची ही येरझार आज हास्यास्पद वाटते. परंतु ज्या यंत्रणेस पानाहून लहान असा घटकच ठाऊक नाहीं, तिनें दुसरें काय करावें?

पानांत थोडा जीव घालण्याचा पहिला प्रयत्न त्याच वर्षीं झाला. नेटस्केप कंपनींतील ब्रेंडन आइक यानें १९९५ च्या मे महिन्यांत अवघ्या दहा दिवसांत एका लहानशा भाषेचा पहिला आराखडा सिद्ध केला. वर्षअखेर तिला जावास्क्रिप्ट हें नांव मिळालें. रकाना रिकामा राहिला तर तेथल्या तेथें सांगावें, चित्रावर बोट नेलें तर तें बदलावें, अशा किरकोळ कामांसाठीं ती होती. पंडितांनीं तिला बरींच वर्षें पोरखेळ समजून नाकें मुरडलीं. तिच्यांत एक गोष्ट मात्र अशी होती कीं, पुढील सर्व कथा तिच्यावर उभी आहे: या भाषेस हात एकच. एका वेळीं ती एकच काम करिते. तें काम लांबलें तर पान गोठतें. बटन दाबलें जात नाहीं, पान सरकत नाहीं, कांहींच होत नाहीं.

एका हाताच्या माणसानें दोन कामें कशीं करावीं, हें आपल्या घरांतील बायकांस चांगलें ठाऊक होतें. गिरणीवर दळणाचा डबा ठेवावा, गिरणीवाल्यास 'बारीक दळा' म्हणून सांगावें, आणि तेथें पिठांत उभें न राहतां भाजी घेऊन यावें. परत येतांना डबा उचलावा. दळण होईपर्यंत ताटकळत उभें राहणें ही एक रीत, आणि 'झालें कीं अमुक करावयाचें' असें मनाशीं ठरवून पुढें जाणें ही दुसरी. पहिलीस समकालिक व दुसरीस असमकालिक असें जडजंबाल नांव शास्त्रांत आहे. जावास्क्रिप्टास ही दुसरी रीत जन्मापासून अवगत होती: बोट लागलें तर हें कर, अमुक वेळ गेला तर तें कर, अशा सूचना तिला देऊन ठेवितां येत. उणें होतें तें गिरणीचें. पान जागेवर ठेवून सर्व्हराकडे डबा धाडण्याची सोय तिच्याजवळ नव्हती.

ही सोय कोणी केली हें सांगण्यापूर्वीं टपालाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण गरज तेथें निर्माण झाली. ज्याच्या शिक्षणाचा आरंभ पुण्याच्या बिशप्स शाळेंत झाला त्या सबीर भाटिया यानें जॅक स्मिथ याच्यासह ४ जुलै १९९६ रोजीं हॉटमेल सुरू केलें. पुढल्या वर्षाच्या डिसेंबरांत मायक्रोसॉफ्टनें तें विकत घेतलें. कोणत्याहि यंत्रावर बसून आपलीं पत्रें ब्राउझरांत वाचितां यावीं, ही कल्पना मोठी खरी. परंतु प्रत्येक पत्र उघडणें म्हणजे नवें पान, पुसणें म्हणजे नवें पान, मागें येणें म्हणजे पुन्हां नवें पान. पत्रें वाचण्यापेक्षां पानें येण्याची वाट पाहण्यांतच वेळ जाई.

त्याच मायक्रोसॉफ्टमध्यें कचेऱ्यांचें टपाल ब्राउझरांत आणण्याचें काम दुसऱ्या एका तुकडीकडे होतें. तिच्यांतील ॲलेक्स हॉपमन यानें १९९८ च्या सुमारास ती गिरणी बांधिली. पान जागच्या जागीं. त्यांतील लिपीनें सर्व्हरास गुपचूप निरोप धाडावा, उत्तर येईल तेव्हां तेवढाच भाग बदलावा. हें साधन मार्च १९९९ मध्यें इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलें. त्याच्या नांवांत 'एक्सएमएल' हीं अक्षरें आहेत, आणि पुढें हजारों शिकाऊ लोकांनीं त्यांचा अर्थ लावण्यांत डोकें शिणविलें. वस्तुतः त्यांस फारसा अर्थ नाहीं. ब्राउझरची आवृत्ति निघावयास थोडा वेळ उरला होता, नवें साधन घालावयास जागा मिळाली ती एक्सएमएल वाचणाऱ्या भांडारांत, म्हणून त्या भांडाराचें आडनांव यास लागलें, असें खुद्द हॉपमननेंच सांगितलें आहे. दत्तक गेलेल्या मुलासारखें तें नांव आजहि चालू आहे.

यानंतर पांच वर्षें जवळजवळ कांहीं घडलें नाहीं, आणि इतिहासाच्या दृष्टीनें मला हा काळ सर्वांत उद्बोधक वाटतो. साधन होतें, पण तें एकाच कंपनीच्या ब्राउझरांत. मोझिलानें तें उचललें, २००२ च्या जूनमध्यें मोझिलाची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली, २००४ मध्यें ॲपलच्या सफारींतहि तें आलें. तोंवर पान लिहिणारा कारागीर विचार करी कीं, निम्म्या वाचकांपुढें जें चालणार नाहीं तें कां लिहावें? शोध लागणें व तो रूढ होणें यांत जो काळ जातो तो नुसता आळसाचा नसतो. एका हातीं असलेली वस्तु सर्वांच्या हातीं जाण्यास तो लागतो.

मग १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल बाहेर काढलें. एक हजार मेगाबाइट जागा फुकट देऊं, ही घोषणा त्या दिवशीं पुष्कळांस एप्रिल-फूलाची थट्टा वाटली. नवलाची गोष्ट जागा नव्हती. पत्रामागून पत्र उघडत होतें आणि पान हालत नव्हतें, ही होती. आणि ८ फेब्रुवारी २००५ रोजीं नकाशा आला.

तत्पूर्वीं नकाशे नव्हते असें नाहीं. अमेरिकेंत मॅपक्वेस्ट १९९६ पासून होतें. पण पूर्वेकडे सरकावयाचें तर बाण दाबावा आणि नव्या पानाची वाट पाहावी. लार्स व जेन्स रासमुसेन या डॅनिश बंधूंनीं नोएल गॉर्डन व स्टीफन मा यांच्यासह ऑस्ट्रेलियांत, सिडनीस, एक नकाशा तयार केला होता. तो ब्राउझरांतला नव्हताच; यंत्रावर स्वतंत्र बसवावयाचा होता. गूगलनें तो ब्राउझरांत आणावयास सांगितलें, आणि ऑक्टोबर २००४ मध्यें ती मंडळीच विकत घेतली. बोटानें धरून ओढावा आणि नकाशा ओढत यावा, हा अनुभव लोकांस प्रथम त्यांनीं दिला.

त्यामागची युक्ति बेडशाच्याच उदाहरणानें सांगतों. सबंध पृथ्वी एका चौकोनी चित्रांत काढावी. चित्राची बाजू २५६ ठिपक्यांची. पुढच्या पायरीस त्याच चौकोनाचे चार तुकडे करावे व प्रत्येक तुकडा पुन्हां २५६ ठिपक्यांचा काढावा. असें करीत अठराव्या पायरीस गेलें म्हणजे पृथ्वीचे सुमारें ६,८७२ कोटी तुकडे होतात, आणि बेडशाच्या अक्षांशावर एकेक तुकडा सुमारें १४५ मीटर लांबीरुंदीचा पडतो. म्हणजे लेणें व त्याच्या पुढचें अंगण एकदोन तुकड्यांत मावतें. एवढे तुकडे वाचकाकडे कोण धाडतो? वाचकाच्या चौकटींत वीसपंचवीस मावतात. तेवढेच मागवावे, चौकटीच्या कडेबाहेरचे आधींच मागवून ठेवावे, आणि तो ओढूं लागला म्हणजे पुढचे. जे आले ते लावावे, न आलेल्यांच्या जागीं राखी रंग. मूळचें प्रक्षेपण तें मर्केटरनें १५६९ मध्यें खलाशांसाठीं काढलेलेंच. पुढें चित्रांच्या तुकड्यांऐवजीं रेषाबिंदूंची माहिती धाडून नकाशा वाचकाच्या यंत्रावरच रेखाटण्याची पद्धति आली, तरी तुकड्यांची ही वांटणी टिकून आहे. माझ्या नातीच्या फोनवर जे राखी चौकोन भरत होते ते हेच.

नकाशानंतर बरोबर दहा दिवसांनीं, १८ फेब्रुवारी २००५ रोजीं, जेसी जेम्स गॅरेट या गृहस्थानें एक छोटा निबंध लिहून या साऱ्या रीतीस 'एजॅक्स' असें नांव दिलें. नांव मिळतांच गोष्ट वणव्यासारखी पसरली. पुस्तकें निघालीं, वर्ग निघाले, पुण्याच्या हिंजवडींत व मुंबईच्या अंधेरींत नोकरीच्या जाहिरातींत हीं अक्षरें आलीं, आणि हें सारें २००५ मध्यें जन्मास आलें असा समज दृढ झाला. गॅरेटनें स्वतः तसा दावा केला नव्हता. गंमत अशी कीं, त्यानें नमुन्यादाखल ज्या नकाशाचें नांव घेतलें, त्याचे तुकडे त्या नव्या गिरणींतून येतच नव्हते. ब्राउझर आरंभापासून पानांतील चित्रें ज्या वाटेनें सवडीनें आणीत असे, त्या साध्या वाटेनें येत होते.

बेडशाच्या ओसरींत एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लेख आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचें दान. दोन हजार वर्षें तें नांव टिकून आहे. ज्यानें घोड्याच्या आयाळींत छिन्नी चालविली त्याचें नांव कोठेंच नाहीं. मी कांहीं पुष्यणकास दोष देत नाहीं. त्यानें द्रव्य दिलें, म्हणून दगड फुटला. परंतु जेथें एक नांव कोरलेलें असतें तेथें इतिहासकारानें दुसरीं नांवें अधिक कष्टानें शोधिलीं पाहिजेत. हॉपमनचें नांव आज किती शिकविणाऱ्यांस ठाऊक आहे, हा माझा साधा प्रश्न आहे.

न थांबण्याची ही रीत विनाशुल्क मिळाली असें मात्र नव्हे. गिरणीवर दोन डबे ठेविले तर नंतर ठेविलेला आधीं दळून होऊं शकतो. शोधाच्या रकान्यांत कोणी 'बे' लिहितो. पान तेवढ्यावर एक निरोप धाडतें. तो 'बेडसे' पुरें करितो. दुसरा निरोप जातो. दुसऱ्याचें उत्तर आधीं येतें, बेडशाची यादी दिसते. आणि मागून पहिल्याचें शिळें उत्तर येऊन तिला पुसून बेळगांव, बेलापूर यांची यादी मांडून जातें. यंत्र बिघडलेलें नसतें; क्रम बिघडलेला असतो. तिकिटें विकणाऱ्या एका स्थळावर 'पान पुन्हां मागूं नका, मागें जाऊं नका' अशी धमकीवजा सूचना मीं घाबरत घाबरत वाचलेली आहे. तिचें कारणहि हेंच कीं, एकदां निघालेला निरोप परत बोलावितां येत नाहीं, आणि दुसरा धाडला तर पैसे दोनदां जाण्याची भीति. 'झाल्यावर हें, तें झाल्यावर तें' अशा सूचनांत सूचना गुंतून प्रोग्रॅम वाचणेंच अशक्य होऊं लागलें, तेव्हां २०१५ मध्यें वचनाची व २०१७ मध्यें 'याची वाट पाहा' असें सरळ लिहिण्याची सोय भाषेंतच झाली. वाट पाहावयाची नाहीं म्हणून जी रीत निघाली, तिचें शेवटचें रूप वाट पाहण्याच्या शब्दानेंच लिहिलें जावें, हें मोठें मौजेचें आहे. कारण लिहिणारा थांबल्यासारखें लिहितो, पान मात्र थांबत नाहीं.

आम्हां मराठी माणसांस या चळवळीचा खरा लाभ नकाशांत झाला नाहीं, अक्षरांत झाला. देवनागरीस युनिकोडांत १९९१ पासून जागा होती, आणि इन्स्क्रिप्ट कळपाटी त्याहून जुनी. पण घरोघरच्या यंत्रांत दोन्ही पोंचावयास पुष्कळ वर्षें गेलीं. पहिल्या मराठी वृत्तपत्रांचीं पानें आपापल्या खासगी टंकांत निघत. 'क' च्या जागीं वास्तविक एखादें रोमन अक्षरच साठविलेलें असे, आणि टंकानें त्यावर 'क' चा मुखवटा चढविलेला असे. वाचणें कसेंबसें साधे. लिहिणें जवळजवळ नाहींच. मग 'गमभन' सारखीं साधनें आलीं. वाचक रोमन कळा दाबी आणि ब्राउझरांतील लिपि तेथल्या तेथें, सर्व्हरास न विचारतां, देवनागरी उमटवी. अमेरिकेंतील मुलाचें मराठी पत्र ज्या घरीं प्रथम रोमनाऐवजीं देवनागरींत आलें त्या घरास या गोष्टीचें मोल सांगावयास नको. १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांत साधीं माणसें पुढें लिहूं शकलीं तींहि अशाच साधनांच्या बळावर. पोरखेळ म्हणून हिणविलेल्या भाषेनें आमच्या बाराखडीचें हें काम केलें.

आतां ज्या कारणासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतों. बेडशाच्या चैत्यगृहांत एके काळीं रंगीत चित्रें होतीं. एकोणिसाव्या शतकांत, १८६१ च्या सुमारापर्यंत, साहेब लोकांची स्वारी येणार म्हणून स्थानिक अधिकारी लेण्याची रंगसफेती करवीत. त्या स्वच्छतेंत जुना गिलावा व त्यावरचीं चित्रें गेलीं. कोणाच्या मनांत द्वेष नव्हता. लेणें नीटनेटकें दिसावें, एवढीच इच्छा.

ब्राउझरच्या पानांचें तसेंच चाललें आहे. ब्रूस्टर काल यानें १९९६ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोंत इंटरनेट आर्काइव्ह स्थापिलें आणि २००१ पासून तेथील जुनीं पानें कोणासहि पाहतां येतात; त्या माणसाचे उपकार मोठे आहेत. परंतु त्याचा संग्रह पानांचा आहे. पान कागदासारखें होतें तोंवर तें जसेंच्या तसें ठेवितां आलें. नव्या रीतीचें पान म्हणजे रिकामी चौकट; आंतला मजकूर वाचकाच्या हालचालीप्रमाणें मागाहून येतो, आणि जो कोणीं मागितला नाहीं तो संग्रहांतहि येत नाहीं. २००५ चा नकाशा पाहूं गेलें तर शीर्षक दिसावें, रकाना दिसावा, आणि मधोमध राखी चौकोन राहावे, असेंच बहुधा होतें. मराठी वृत्तपत्रांचीं पहिलीं पानें मिळालीं तरी टंक हरवल्यामुळें त्यांवर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. पुष्कळ पानें फ्लॅश नांवाच्या साधनावर चालत. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं काढून घेतला गेला. आमच्या पिढीनें ज्यांत निम्मा दिवस घालविला त्याचा पुरावा नातवंडांस द्यावयाचा म्हटलें तर हातीं काय आहे? दोन हजार वर्षांपूर्वींच्या पुष्यणकाचें दान वाचितां येतें, आणि वीस वर्षांपूर्वींचें पान वाचितां येत नाहीं.

नकाशापुरती स्थिति किंचित् बरी आहे. गूगलच्या बंगळूरच्या कचेरींत 'मॅप मेकर' नांवाचें साधन निघालें, तें २००८ मध्यें लोकांस खुलें झालें, आणि ज्या देशांचे चांगले नकाशे नव्हते तेथील लोकांनीं ब्राउझरांत बसून आपल्या वाड्यावस्त्या, ओढे, पाऊलवाटा त्यांत घातल्या. तें मार्च २०१७ मध्यें बंद झालें. मोठ्या नकाशावर वाट दिसते. ती कोणीं घातली हें त्या नकाशावर दिसत नाहीं. परंतु इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यानें २००४ मध्यें सुरू केलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' आहे. त्यांत २०१३ पासून जावास्क्रिप्टांतच लिहिलेली एक लेखणी ब्राउझरांत मिळते, आणि प्रत्येक ठिपक्यामागें तो कोणीं, कोणत्या दिवशीं टाकला, पुढें कोणीं सरकविला, याची बखर राखिलेली असते.

खालीं उतरून गांवाच्या चहाच्या टपरीवर बसल्यावर नातीनें तो नकाशा उघडला. येथें पान लगेच आलें. पायऱ्यांच्या रेषेवर तिनें बोट ठेविलें, आणि ती आजोबांस इतिहास दाखवावयाचा म्हणून एकेक जुनी नोंद मागें मागें उलगडीत गेली. चहा निवाला, तो मीं तसाच घेतला.